अंगणातली तिराद खिंड

दर दिवाळीला नाना हवालदार आमच्या अंगणात फिलिपिन्स बांधायचे. तुम्ही म्हणाल, किल्ला असेल. किल्ले तर गल्लीत दारोदार असायचे. कुणाचा प्रतापगड, कुणाचा अजिंक्यतारा, कुणाचा नुसताच पोत्यावर गेरू फासलेला ढिगारा. नाना जे उभं करायचे त्याला बुरूज नाही, तट नाही, सिंहासन नाही. दोन डोंगर, मधे अरुंद खिंड, खिंडीच्या तोंडाशी दगडांची आडवी भिंत आणि भिंतीमागे बोटाएवढे साठ मातीचे शिपाई. साठच! एकसष्टावा ठेवू द्यायचे नाहीत, आणि मोजताना एकोणसाठ भरले तर अख्खं अंगण शोधायला लावायचे.

मी मूळची वाईची. सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासायची नोकरी लागली म्हणून इकडे आले. ज्या घरात खोली मिळाली, त्याच घराच्या पुढच्या दोन खोल्यांत नाना एकटे राहत. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. पहिल्या दिवाळीत पहिल्या पाळीवरून आले तर हा गुडघाभर चिखलात बसलेला खाकी चड्डीतला म्हातारा वर न बघताच म्हणाला, "ए वाईकर, गाडी लांब लाव. त्या बाजूनं अमेरिकेची फौज येतीया."

माझं नाव त्यांनी विचारलं नव्हतं आणि पुढेही कधी विचारलं नाही. मी गाडी लांब लावली. अमेरिकेची फौज म्हणजे काय हे विचारायचं धाडस दुसऱ्या दिवशी झालं.

मला सवय वाईट. दिवसभर मायक्रोमीटर हातात असल्यावर घरी आल्यावरही डोळा मापंच घेत बसतो. तिसऱ्या दिवशी मी न राहवून बोलले, "नाना, प्रमाण चुकलंय. तुमचा शिपाई डोंगराचा आठवा हिस्सा आहे. म्हणजे डोंगर जेमतेम चाळीस-पंचेचाळीस फुटांचा झाला. तुमच्या खिंडीतून रिक्षा जायची नाही."

"मग रिक्षा न्यायची हाय का तुला?" नाना म्हणाले. "आगं, डोंगूर मोजशील तुज्या पट्टीनं. त्या साठ जनांचा दम कशानं मोजशील?"

मी पाटी उचलून माती आणायला गेले. पुढची प्रत्येक दिवाळी मी त्या मातीत होते.

माती मांडायची ही कला त्यांनी फौजेतून आणलेली. कुठल्याही कारवाईआधी तिथे म्हणे जमिनीवर अख्खा मुलूख मातीनं उभा करतात. नाले निळ्या रंगानं, रस्ते चुन्यानं, आणि सगळी पलटण भोवती उकिडवी बसून बघते. "आधी जमीन बघायची, मान्सं मागनं ठेवायची," हे नानांचं वाक्य. मी उतावळेपणानं शिपाई उचलला की लगेच हातावर काडी बसायची. "ठेव खाली त्येला! त्येला अजून उभं ऱ्हायाला जागा कुटं केलीयास?"

फिलिपिन्स मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. हे मला कळलं तेव्हा मी हसत सुटले. फौजेतून निवृत्त झाल्यावर ते चार वर्षं मालवाहू जहाजावर होते. तेव्हा समुद्री चाच्यांची भीती फार, म्हणून जहाजांवर माजी सैनिक पहाऱ्याला ठेवत. जहाजाचा आचारी दोमिंगो नावाचा फिलिपिनो. दोघांचं मोडक्या हिंदीत आणि त्याहून मोडक्या इंग्रजीत चांगलं जमलं. दुपारी भांडी आवरली की दोमिंगो डेकवर खडूनं डोंगर काढायचा आणि आपल्या मुलखातल्या तिराद खिंडीची गोष्ट सांगायचा. चहूकडे पाणीच पाणी, आणि मधे लोखंडावर काढलेला तो पांढरा डोंगर. संध्याकाळी लाटांचा फवारा आला की पुसून जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

गोष्ट अशी. स्पॅनिश राज्य संपलं तेव्हा तिथल्या लोकांना वाटलं, सुटलो बाबा. तर अमेरिकन आले आणि जायचं नाव काढीनात. लढाई जुंपली. त्या कोवळ्या देशाचा पुढारी डोंगराडोंगरांतून उत्तरेला निघाला आणि पाठीवर अमेरिकेची फौज. तेव्हा पंचविशीही न गाठलेला एक सेनापती साठ माणसं घेऊन तिरादच्या खिंडीत थांबला. पुढारी लांब जाईपर्यंत खिंड धरायची, एवढंच काम. समोरून काही शे बंदुका. सकाळपासून पाच तास त्यांनी खिंड धरली.

"सकाळी धुकं हुतं बघ," नाना सांगायचे. आवाज एकदम खाली यायचा. "खालनं वर बघितलं तर नुसता पांढरा कापूस. त्यातनं घोड्याचं खिंकाळनं यायचं, पन घोडा दिसायचा न्हाई. भिंतीमागं पोरं बसल्याली. कोन बोलत न्हाई. एकजन आपला उगं चिलखी मोजतोय, पुन्हा मोजतोय..."

चिलखी म्हणजे काडतुसं, हा त्यांचा खास शब्द. आणि खोटं कशाला सांगू, मला ते धुकं दिसायचं. संध्याकाळी पणत्या लावल्या, उदबत्तीचा धूर खिंडीत शिरला, की आमचं अंगण, माझी स्कूटर, वाळत घातलेले कपडे सगळं कुठल्या कुठे जायचं. शेजारचे काका येऊन म्हणायचे, "वा, पावनखिंड झकास जमलीय!" नाना मान हलवायचे. "न्हाई ओ, ही येगळी. पन मान्सं तसलीच."

"मग खिंड पडली कशी?" असं कुणीतरी दरवर्षी विचारायचंच.

"पडली. वाट हुती मागनं," एवढंच बोलून नाना उठायचे. मागच्या डोंगरावर ते काडीनं एक बारीक वाट काढायचे खरी, पण शत्रूला ती कुणी दाखवली ते सांगायचे नाहीत. त्या वाटेवर कुणाला ठेवायचेही नाहीत.

माझा गाढवपणा चौथ्या दिवाळीतला. मला ती मागची वाट भुंडी दिसायची. आपल्याकडे किल्ला कुठलाही असो, त्यावर गवळण हवी, भाजीवाली हवी, गुहेत वाघ हवा. प्रतापगडाच्या पायथ्याला ट्रॅक्टर उभा असलेलाही मी पाहिलाय, कुणाला काही वाटत नाही. तर मी बाजारातून येताना मातीच्या चित्रांच्या गाडीवरून एक धनगर घेतला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, एक हात असा पुढे केलेला. नाना आत चहा टाकत होते तोवर त्याला मागच्या वाटेवर मधोमध उभा करून टाकला.

नाना दोन कप घेऊन बाहेर आले, बघितलं आणि तसेच उभे राहिले.

"कुनी ठेवला ह्यो?"

"मी. का? छान दिसतोय की."

त्यांनी चहा पायरीवर ठेवला, धनगराला उचललं, माझ्या हातात दिलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. ऐन लक्ष्मीपूजनाचा दिवस! खिंडीत पणती लागली नाही. पाडव्यालाही नाही. मी दाराशी दोनदा जाऊन आले, फराळ ठेवला, माफी मागितली. कशाबद्दल मागते आहे तेच ठाऊक नव्हतं. भाऊबीजेला दुपारी ते स्वतःच येऊन माझ्या पायरीवर बसले.

"ती वाट एका डोंगरी मानसानं दावली," ते म्हणाले. "तिथलाच. फौजेला मागनं वर घेऊन गेला. साठातली आठ उरली. दोमिंगो त्या डोंगरातला. शाळंत त्येला पोरं चिडवायची, तुमच्यातल्यानंच वाट दावली म्हनून. सव्वाशे वर्सं झाली गं, आन् अजून चिडवत्यात. मला म्हनला, हवालदार, त्या मानसाला ठावं तरी आसंल का, आपन काय दावतोय ते? त्या दिवशी मला जेवान गेलं न्हाई."

मग त्यांनी आपली गोष्ट सांगितली. त्यांचं गाव कवठे महांकाळच्या बाजूला, कोरडवाहू. गावामागे मोठा माळ, त्यावर सगळ्यांची जनावरं चरायची. एकदा ते सुट्टीवर आलेले असताना जीपमधून दोघं आले, माळावर जायची वाट विचारू लागले. जीप वर चढेना. नानांनी त्यांना मागच्या पायवाटेनं वर नेलं, त्यांची तीन पायांची दुर्बीण खांद्यावर घेतली, घरून तांब्याभर पाणी नेऊन दिलं. "मला वाटलं, सरकारी मोजनीवाली हायेत. फौजी मानूस, वर्दीवाल्याला न्हाईतर कागदवाल्याला मदत करायचं वळान." वर्षभरात कागद फिरले, सह्या झाल्या, माळ गेला, पवनचक्क्या उभ्या राहिल्या. गावाला हळूहळू कळलं की आपण फसलो. मग कुणावर तरी खापर फुटायला हवं होतं, ते फुटलं. हवालदारानं वाट दावली! देवळापुढून जाताना मागून तेच. घरी थोरले भाऊ, दादा, ते तर बोलायचेच बंद झाले. नाना पुन्हा गावाला गेले नाहीत.

"पंधरा वर्सं झाली. आता डाक्टर म्हनतोय काळीज थकलंय. मला दुसरं काय नगं, वाईकर. दादानं एकदा नाव घिऊन हाक मारावी. बास."

मला नाना आवडायचे, सरळ सांगते. वडिलांसारखे वगैरे नाही, माझे वडील वाईला ठणठणीत आहेत. मला हे असेच आवडायचे, नाना म्हणून. आणि हा माणूस उरलेले दिवस एका हाकेसाठी बसून काढणार हे मला सहन होईना. "मी जाऊन येते," म्हटलं तर डोळे वटारले. "आज्याबात जायाचं न्हाई."

अर्थातच गेले. पौषात कारखान्यातल्या मैत्रिणीच्या घरी कवठे महांकाळला हुरडा होता, तिथून रिक्षा केली. गावात दादांचं घर विचारलं तर म्हणाले, माळावर शेरडं घेऊन गेलेत. मागच्या पायवाटेनं चढले, वर पोचले. मी ही जागा ओळखत होते! डावीकडचा डोंगराचा सुळका, त्याला पडलेली खाच, उजवीकडच्या डोंगराची सपाटी, मधली खिंड. चार दिवाळ्या ह्या डोंगराला मी माती लावली होती. न पाहिलेला देश बांधायचा म्हणून नाना आपलाच माळ बांधत होते, आणि मला वाटतं, त्यांचं त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. माळावर ऊन होतं. पवनचक्क्यांच्या पात्यांच्या सावल्या गवतावरून सावकाश फिरत होत्या, शेरडांवरून जात होत्या, एका उंच म्हाताऱ्यावरूनही जात होत्या. तो काठीवर हनुवटी टेकून उभा होता. नानांची अगदी तीच ठेवण. मी क्षणभर कुठल्या देशात आहे तेच मला कळेना.

मी कुठून आले ते सांगितलं. दादांनी एक भरकटलेलं शेरडू काठीनं वळवून आणलं.

"जेवतोय का नीट?" शेवटी म्हणाले.

"जेवतात. तुमच्या हाकेची वाट बघतात. वाट दाखवली म्हणून इतका राग धरायचा का हो? त्यांना काय माहीत होतं!"

"राग?" दादा माझ्याकडे बघत राहिले. "आगं पोरी, वाट काय, शेरडानं बी दावली आसती. पयली सही माजी हाय. समदा गाव नगं-नगं करत हुता, मला एजंटानं घोळात घेतला, मी सही केली. माज्याकडं बघून बाकीच्यांनी केल्या. मागनं गाव पेटलं तवा समदी नानाच्या मागं लागली. मी उंबऱ्यात बसून ऐकत हुतो. एक सबूद बोललो न्हाई. आता कुठल्या तोंडानं हाक मारू?" त्यांनी फेट्याच्या शेवानं डोळे पुसले. "सांग त्येला. माज्यानं हुनार न्हाई, तू सांग."

मी एसटीत बसून सांगलीपर्यंत नुसती हवेत होते. असं काही घेऊन चालले होते की नानांच्या पंधरा वर्षांचं ओझं एका वाक्यात उतरणार होतं! घरी पोचले, चप्पलही न काढता सगळं भडाभडा सांगून टाकलं.

नाना लसूण सोलत होते. सोलतच राहिले.

"ठावं हाय मला," ते म्हणाले.

"काय ठावं आहे?"

"पयली सही दादाची. गाव सोडायच्या आदल्या दिशी तलाठ्याकडं कागद बघितला की मी."

"अहो नाना, मग तुम्ही बोलला का नाहीत? सगळं गाव तुम्हाला नावं ठेवत होतं!"

"दादाला तितंच ऱ्हायाचं हुतं गं. पोरींची लग्नं हुयाची हुती. मला काय, आधी फौज हुती, मागनं जहाज गावलं. मान्सं माज्यामागं हुती तवर त्येच्याकडं कोन बघत न्हवतं. मी गेलो, तसा इषय बी गेला."

लसणाची पाकळी हातात धरून हा माणूस मला हे असं सांगत होता, जसं काही रेशन आणायला गेलो होतो म्हणावं. मला रडू आलं, आणि रागही आला. म्हटलं, आत्ताच्या आत्ता दादांना फोन लावून सांगते, नानांना सगळं माहीत होतं म्हणून.

"खबरदार!" नाना उठून उभे राहिले. त्यांना इतकं चिडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "त्येला कळलं की मी समदं ठावं असून पंधरा वर्सं भाईर काढली, तर त्यो म्हातारा उभा मरंल. आसं करू नगंस." मग ते खाली बसले, जरा विचार केला आणि त्यांच्या तोंडावर अशी काही मिस्किल कळा आली की बघत राहावं. "त्येला सांग, आजच कळलं नानाला. आन् लय तापला म्हनावं. शिव्या दिल्या म्हन. थोरला हाय, फुकट माफी घ्यायचा न्हाई त्यो. शिव्या खाऊ दे त्येला आदी."

"मला शिव्या येत नाहीत, नाना."

"वाईची तू, तुला कशा येनार! मी शिकवतो की."

मग तो फोन. पायरीवर मी बसले, शेजारी नाना. मी म्हणाले, "दादा, सांगितलं त्यांना. फार चिडलेत." नाना हातवारे करून सांगताहेत, अजून, अजून! मी म्हणाले, "म्हणाले, असला कसला थोरला, तोंड उचकटायला काय झालं होतं?" नानांनी नाक मुरडलं, एवढ्यानं काय होतंय, आणि कानात एक अस्सल फौजी शिवी सांगितली. डोळे मिटून मी ती मोठ्यानं उच्चारली. आमच्या आईनं ऐकलं असतं तर वाईच्या घाटावर नेऊन बुडवलं असतं मला.

पलीकडून आधी हुंदक्यासारखं काहीतरी आलं, आणि मग चक्क हसू. "आसंच म्हनला? आसंच? आगं, लानपनापासनं हीच शिवी हाय त्येची!" मग जरा थांबून, "त्येला दे की जरा फोन."

मी फोन दिला. नाना कानाला लावून बसले. दादा काय म्हणाले ते मला नीट ऐकू आलं नाही, फक्त पहिला शब्द आला, "नाना..." नाना हुंकार देत राहिले, व्हय, व्हय, आणि डोळ्यांतलं पाणी तसंच गळू दिलं. मी उठून आत गेले आणि उगाचच भांडी घासत बसले.

पुढच्या दिवाळीला दादा आठ दिवस येऊन राहिले. बाजरी घेऊन आले, घोंगडी घेऊन आले. दोघं म्हातारे सकाळपासून चिखलात. फिलिपिन्स वगैरे दादांच्या गावीही नव्हतं. त्यांनी एका नजरेत आपला माळ ओळखला आणि तक्रारी सुरू केल्या. "आरं, ओढा हितनं जातोय व्हय? तिकडनं काढ!" आणि गंमत म्हणजे, मला प्रमाणावरून गप्प करणारे नाना मुकाट्यानं ओढा हलवत होते. तिराद खिंडीतून त्या वर्षी कवठे महांकाळचा ओढा वाहिला. संध्याकाळी सगळीकडे पणत्या लागल्या, दोघं एका घोंगडीवर बसून त्या धुराकडे बघत राहिले. कोण कुठल्या डोंगराकडे बघत होतं, कुणास ठाऊक.

फाल्गुनात नाना गेले. दुपारचे जरा पडले होते, ते उठलेच नाहीत. दादांनीच सगळं केलं.

दहाव्याला सांगलीच्या घाटावर कृष्णेला पाणी कमी होतं. पिंडाला कावळा लगेच शिवला. माणसं पांगायला लागली तशी दादा मला बाजूला घेऊन पायरीवर बसले. पंचा ओला, डोकं नुकतं भादरलेलं, अगदी लहान मुलासारखे दिसत होते.

"एक इचारू? खरं सांग. मी आजवर कुनाला इचारलं न्हाई." ते पाण्याकडे बघत होते. "तू त्येला सहीचं सांगितलंस, तवा त्येला खरंच ठावं न्हवतं ना? खरंच तापला हुता का गं त्यो माज्यावर?"

मी त्यांचा गार पडलेला हात धरला.

"लय," मी म्हणाले.